ठमीच्या तारखा

"आदरणीय डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. आम्ही रामबागेत जुन्या घरात राहतो. राखीच्या सुमारास मुलाने महिन्या-सव्वामहिन्याचं तिरंगी पिल्लू उचलून आणलं, तीच आमची ठमी. 3 फेब्रुवारीपासून ती अचानक फरशीवर लोळायला लागली, रात्र रात्र विव्हळायची, खाणंही कमी झालं. आम्हाला वाटलं पोटात दुखतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, तापाची अर्धी गोळी द्या. मेडिकलवाले भिया 'गर्मी शांत करायची' गोळी देत होते. मी घाबरून काहीच दिलं नाही. 5 तारखेच्या रात्री ती गच्चीवरून निसटली. तिथे दोन बोके आधीपासून ठाण मांडून होते, एक काळा, एक भगवा. 7 ला सकाळी परत आली, मानेवरचे केस ओले आणि विस्कटलेले. दोन दिवसांत एकदम शांत झाली.

ती गाभण असेल का? कधी कळेल? सासूबाई म्हणतात, ऑपरेशन करायचंच असेल तर एकदा तरी बाळंत होऊ दे, नाहीतर पाप लागतं आणि मांजर चिडकी होते. मार्चमध्ये नणंदबाई बाळंतपणाला माहेरी येतायत, त्यांना मांजराचा काही धोका? आम्ही शाकाहारी, ठमी दूध-पोळी खाते. आणि आठवीतला मुलगा विचारतो, तिरंगी मांजर नेहमी मादीच का असते, आणि पिल्लं कुठल्या बोक्याची हे रंगावरून ओळखता येईल का? – एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर"

ताई, आधी त्या दोन गोळ्या न दिल्याबद्दल तुमची पाठ थोपटते. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ती मांजराला विष आहे. आपलं यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती रीत मांजराच्या यकृताला जवळजवळ येतच नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. ठमीएवढ्या जिवावर अर्धी गोळीसुद्धा बेतली असती. भियांची दुसरी गोळी बहुधा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या जातीची असावी. तिने माज थांबतो खरा, पण त्यापायी गर्भाशयात पू झालेल्या आणि छातीपासून पोटापर्यंत गाठी सुजून लोंबायला लागलेल्या मांजरी माझ्या टेबलावर आल्या आहेत. काउंटरवरून मांजराचं औषध घेऊच नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

ठमीचं पोट दुखत नव्हतं. ती माजावर आली होती. जमिनीवर लोळणं, गाल घासत फिरणं, पाठीवरून हात फिरवला की पुढून खाली दबून मागचा भाग वर करणं, शेपटी एका बाजूला घेणं, मागचे पाय जागच्या जागी तुडवणं आणि तो काळजाला घरं पाडणारा आवाज, ही सगळी त्याचीच लक्षणं. कुत्रीसारखा रक्तस्राव मांजरीला होत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि दर वर्षी या दिवसांत माझ्याकडे 'डॉक्टर, हिला काहीतरी चावलंय' असे फोन सुरू होतात. सात महिन्यांचं पिल्लू माजावर कसं येईल, असं तुम्हाला वाटलं असेल. साधारण सहा ते नऊ महिन्यांत येतातच, आणि अंगाने भरलेली असेल तर चौथ्या महिन्यातही.

या दिवसांतच का, याचं उत्तर आपल्या तिळगुळात आहे. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना, ते वाढणं मांजरीच्या मेंदूला कळतं. डोळ्यांत शिरणारा उजेड वाढला की मेंदूतलं मेलॅटोनिन कमी होतं आणि अंडाशयांना जाग येते. थंड देशांत, जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधारतं, तिथल्या मांजरी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर गप्प असतात. आपलं इंदूर पडलं कर्कवृत्ताच्या जवळ, ते उज्जैनच्या पलीकडून जातं. आपला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा. त्यात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून बाराला परतणाऱ्या लोकांच्या घरात ट्यूबलाइट चालू. मांजरीला वाटतं, उन्हाळाच आहे. म्हणून आपल्याकडच्या घरातल्या मांजरी वर्षभर कधीही माजावर येऊ शकतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'ओले' हा आहे. बोका समागमाच्या वेळी मादीची मान दातांत धरून ठेवतो. मानेवरचे केस ओले आणि विस्कटलेले म्हणजे काम झालेलं आहे, आणि बहुधा एकदा नव्हे.

मांजरीचं शरीर गायीसारखं किंवा आपल्यासारखं चालत नाही. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि बैल असो वा नसो, तिचं बीजांड आपल्या वेळेला सुटतं. मांजरीत अंडाशयावर बीजांडं पिकून तयार असतात, पण समागम झाल्याशिवाय ती सहसा सुटत नाहीत. बोक्याच्या लिंगावर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, मांजराच्या जिभेवर असतात तशाच जातीचे. बाहेर येताना ते मादीच्या आतल्या भागाला जबरदस्त चेतवतात. मादी किंचाळते, वळून बोक्याला एक फटका देते, मग लोळते आणि स्वतःला चाटत बसते. रात्री गच्चीवरून येणारी ती भयंकर किंकाळी याच क्षणाची असते. त्या टोचणीचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जातो, मेंदू काही मिनिटांत आपल्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ढोसतो, पिट्युटरी एलएच नावाचं हार्मोन रक्तात सोडते, आणि एक ते दोन दिवसांत बीजांडं बाहेर पडतात.

एका समागमाने हा निरोप पुष्कळदा अपुरा पडतो. हार्मोनची लाट पुरेशी उंच चढायला तीन-चार वेळा तरी व्हावं लागतं. आणि मांजरं त्यात कंजुषी करत नाहीत, दिवसात दहा-वीस वेळा सहज. ठमी दोन रात्री आणि मधला एक दिवस बाहेर होती, गच्चीवर दोन बोके. हिशेब तुम्हीच करा.

निसर्गाने असं का केलं असावं? मांजर मुळात एकट्याने शिकार करणारं जनावर. बोका वर्षातून दोनदाच दिसणार असेल, तर ठरलेल्या तारखेला बीजांड सोडून वाया घालवण्यात काय अर्थ? भेट झाली की तेव्हाच सोडायचं. सशाचं आणि उंटाचंही असंच असतं. एवढी नेमकी व्यवस्था असल्यामुळेच, एकदा रात्रभर बाहेर राहिलेल्या मांजरीबाबत मी 'बघू या, काही झालं नसेल' असं कधी म्हणत नाही.

तरी खात्री करायची तर तिचं अंगच सांगतं, फक्त कॅलेंडर जवळ ठेवा. समजा दोन बोक्यांच्या गडबडीतही बीजांडं सुटलीच नसतील, तर ठमी फेब्रुवारी संपायच्या आत परत लोळायला लागेल, कारण समागम न झालेली मांजर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. समजा बीजांडं सुटली पण गर्भ राहिला नाही, तर शरीर काही काळ गर्भ असल्यासारखंच वागतं आणि ती थेट मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माजावर येईल. ती तेव्हाही गप्प राहिली तर ती गाभणच. पण तोवर थांबायची गरज नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तिला उताणी करून पोटावरची बोंडं बघा. पहिलटकरणीत हे छान दिसतं: एरवी फिकी, दाण्याएवढी असलेली बोंडं फुगून गुलाबी होतात आणि भोवतालचे केस विरळ दिसतात. 3 मार्चनंतर कधीही सोनोग्राफी करून घ्या, तोवर गर्भ पंचवीस दिवसांचे झालेले असतील आणि पडद्यावर त्यांच्या हृदयाची फडफड दिसेल. पोट दाबून बघण्याचा उद्योग घरी करू नका, तो डॉक्टरांच्या बोटांचा विषय आहे. किती पिल्लं आहेत हे मोजायचं असेल तर एक्स-रे, पण तो मार्चच्या शेवटी, हाडं धरल्यावर.

मांजरीचे दिवस त्रेसष्ट ते पासष्ट. 6 फेब्रुवारीपासून मोजलं तर 10 ते 12 एप्रिल. चार-पाच दिवस इकडेतिकडे धरा.

आता निर्णय. सोनोग्राफीत गर्भ दिसला, तर तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही सरळ सांगते. गर्भ लहान असतानाच अंडाशय आणि गर्भाशय काढायचं ऑपरेशन करता येतं. त्यात गर्भही जातात. अनुभवी हातांत ते सुरक्षित आहे, पण जसजसे दिवस चढतात तसतशा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि जोखीम वाढते. तेव्हा हे करायचं तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, महिनाभर घरात चर्चा करून नव्हे. दुसरा रस्ता, होऊ द्यायचं. साधारण तीन ते पाच पिल्लं होतील. प्रत्येकाला घर मिळवून द्यायची जबाबदारी तुमची. पिल्लं पोत्यात घालून छावणीच्या बाजारात सोडून येणं हा रस्ताच नाही. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. माझं स्वतःचं मत विचाराल, तर पाच घरांची नावं आज तुमच्या वहीत नसतील, तर पहिला रस्ता घ्या. हे वाचून कोणी नाराज होईल, होऊ देत. वर्षानुवर्षं खोक्यात भरून दवाखान्याच्या पायरीवर ठेवलेली पिल्लं मी उचलली आहेत.

सासूबाईंचं म्हणणं मी ऐकत मोठी झाले. आमच्या आजीच्या वाड्यातही मांजर घडवंचीवरच्या गाद्यांमध्ये व्यायली, की आजी तिला पाच दिवस शिऱ्याचा गोळा द्यायची, बाळंतीण ना! ममतेचा भाग मी मानते. पण 'एकदा होऊ दे' याला शरीरशास्त्रात काही आधार नाही. एकदा आई झालेली मांजर शांत होते असं नाही, आणि न झालेली चिडकी होते असंही नाही. चिडचिड माजाची असते, ती ऑपरेशननंतर जाते. उलट थांबण्याची किंमत आहे. 2005 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनांच्या कॅन्सरचा धोका 91 टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांत 86 टक्क्यांनी कमी दिसला. मांजरींच्या स्तनांतल्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात, म्हणून हे आकडे हलके नाहीत. ठमीचे सहा महिने गेले, वर्ष अजून जायचंय. सासूबाईंना सांगा, पाप पिल्लं न होण्यात नाही. त्या ऐकणार नाहीत, पण 'डॉक्टरीण म्हणाली' म्हणून सांगा, माझ्या नावावर खपेल.

नणंदबाईंचं. घाबरायचं कारण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा परजीवी, आणि तुमच्या घरात कोणी तरी लवकरच 'मांजर आधी बाहेर काढा' म्हणणार आहे. तेव्हा नीट समजून घ्या. मांजराला हा संसर्ग पहिल्यांदा झाला की तिच्या शीमधून त्याची बीजं एक ते तीन आठवडे पडतात, पुढे सहसा पडत नाहीत. आणि पडल्यावर लगेच ती बाधत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर धोका जवळजवळ मिटतो. तो ट्रे नणंदबाईंनी साफ करू नये, इतकं पथ्य. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी ही या संसर्गाची जास्त मोठी वाट आहे, आणि कुंडीतल्या मातीत हात घालताना मोजे. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे एवढं सांगा, लागली तर ते रक्ताची तपासणी करतील. ठमीला मांडीवर घेण्याने काही होत नाही. एप्रिलमध्ये घरात दोन बाळंतिणी असतील एवढाच फरक, आणि डिंकाचे लाडू मात्र एकीलाच.

कारण ठमीचं खाणं ही या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट आहे. दूध-पोळीवर मांजर जगते, पण धड राहत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरीन नावाचा एक घटक तिचं शरीर पुरेसा बनवूच शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय ढिलं पडतं, आणि गाभण मांजरीत गर्भ पोटातच मरतात किंवा पिल्लं खुरटी होतात. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. तुमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येणार नाही हे मी समजू शकते, माझ्याही घरी आजी असेपर्यंत आलं नव्हतं. तर मग पिल्लांसाठीचं कोरडं कॅट फूड आणा, पाकिटावर 'किटन' लिहिलेलं असतं, आणि गच्चीच्या जिन्याखाली तिची वाटी ठेवा. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीला तेच योग्य. शेवटच्या तीन आठवड्यांत ती नेहमीच्या दीडपट खाईल, थोडं थोडं चारदा द्या.

होऊ द्यायचं ठरलं, तर एप्रिल लागताच एक खोकं तयार करा, ठमी आत ताणून झोपेल एवढं, कड इतकी उंच की पिल्लू बाहेर घरंगळणार नाही. आत जुन्या सुती साडीच्या घड्या. जागा अंधारी, पण गच्चीखालची खोली नको, एप्रिलमध्ये ती तापते. खोकं तुम्ही कुठेही ठेवा, ती शेवटी कपाटात जाणार, याची मात्र मनाची तयारी ठेवा. व्यायच्या आदल्या दिवशी तिचं अंगाचं तापमान उतरतं, एरवी 38 ते 39 अंशांच्या घरात असतं ते 37.8 च्या खाली. ती खाणं टाकेल, माती उकरल्यासारखं खोकं उकरेल, किंवा तुमच्या मागे मागे फिरेल. पिल्लू येतं ते पातळ पिशवीत. ती पिशवी चाटून फोडते, नाळ दातांनी तोडते आणि प्रत्येक पिल्लामागची वार खाऊन टाकते. किळस करू नका, बाजूला बसून फक्त वार किती पडल्या ते मोजा. पिल्लं चार आणि वार तीनच, तर एक वार आत राहिली असेल.

दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं जातात, कधी तास. काही मांजरी अर्धं बाळंतपण उरकून झोपतात, पिल्लांना पाजतात आणि काही तासांनी उरलेलं पुरं करतात. ती निवांत असेल तर तुम्हीही निवांत राहा. पण अर्धा तास जोरात कळा देऊनही काही बाहेर आलं नाही, पिल्लू अर्धं अडकलं, किंवा पिल्लू न येता हिरवा, घाण वासाचा स्राव आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठा. एखाद्या रात्री कोणीच हाताशी नसेल तर आपल्याला महूचं पशुवैद्यक कॉलेज आहे हे विसरू नका, फक्त आपत्कालीन वेळा आधीच विचारून ठेवा. मी तिथेच शिकले, आणि तिथल्या रात्रींनीच मला मांजरीच्या बाळंतपणात हात मागे ठेवायला शिकवलं.

जन्मताना पिल्लू असतं शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास आठ-नऊ तोळ्यांचा ऐवज. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज त्याच वेळेला वजन करून वहीत लिहा. रोज दहा-पंधरा ग्रॅम चढायला हवं. सलग दोन दिवस वजन चढलं नाही, तर पिल्लू रडत नसलं तरी काहीतरी बिघडलंय. गायीचं दूध पाजायचं नाही, पिल्लांची दुधाची पावडर वेगळी मिळते. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. पहिले तीनेक आठवडे आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शूसुद्धा होत नाही. ती त्यांना सात घरं फिरवेल, म्हणजे मानगुट धरून माळ्यावर, मग कपाटात, मग पलंगाखाली. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. मानेला पकडताच पिल्लू हातपाय आखडून लुळं होतं, म्हणून जखम होत नाही. जागा बदलणं म्हणजे तिला तिथे धोका वाटला, एवढंच. गर्दी कमी करा, शेजारच्या मुलांना पंधरा दिवस थोपवा. आणि गच्चीचं दार लावा. आजीच्या काळापासून 'बोका पिल्लं खातो' म्हणतात, ते प्रत्येक बोक्याला लागू नसलं तरी अगदीच खोटं नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. नोकरी नवी होती, घरी एक मांजरी होती, पाच आठवड्यांची चार पिल्लं पीत होती. माझी समजूत, पाजतेय तोवर काय होणार? एका संध्याकाळी मागचं दार उघडं राहिलं. दोन महिन्यांनी दुसरं वेत, पहिली चार अजून घरातच. अंगावर पीत असताना मांजर माजावर येऊ शकते, हे मी पुस्तकात वाचून पास झाले होते. तेव्हा मे महिना उजाडला की ठमीला घरातच कोंडा. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटलं, आणखी दोनेक आठवड्यांनी तिची दुधाची गाठ ओसरली, की ऑपरेशन. तुमच्या तारखांप्रमाणे ते जूनच्या शेवटी येतं. आणि तिच्या मुलींचं चार-पाच महिन्यांत उरका, नाहीतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या आपल्या सख्ख्या भावापासूनच गाभण राहतील. मांजरांना नातं कळत नाही. मुलांचंही करा. ऑपरेशनने बोक्याचे ते काटे दीड-एक महिन्यात झिजतात आणि भिंतीवर पिचकाऱ्या मारणंही बहुतेक थांबतं. आधीचं बीज काही आठवडे शिल्लक असतं, तेवढे दिवस त्याला माद्यांपासून लांब ठेवा.

राहिला तुमच्या चिरंजीवांचा प्रश्न. पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच, म्हणून शेवटी ठेवला.

बाळा, मांजराची गुणसूत्रं अडतीस. त्यातली दोन लिंग ठरवतात, मादीत एक्स-एक्स, बोक्यात एक्स-वाय. भगवा रंग करणारं जनुक एक्सवर बसलेलं असतं. (ते नेमकं कोणतं, हे 2025 साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं शोधून काढलं, एआरएचजीएपी36 जनुकाजवळचा एक तुकडा गळालेला असला की भगवा रंग येतो.) बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो या जनुकापुरता एक तर भगवा नाहीतर काळा. मादीकडे दोन. ठमीला एक भगव्याचा आणि एक काळ्याचा मिळाला. पण प्रत्येक पेशी दोन्ही एक्स वापरत नाही. आईच्या पोटात असताना, फार लवकर, प्रत्येक पेशी एका एक्सला कायमचं कुलूप लावते, आणि कोणत्या, हे नाणं उडवल्यासारखं. ज्या पेशीने काळ्याला कुलूप लावलं तिच्या लेकी-नातींचा झाला भगवा ठिपका, दुसरीचा काळा. हे कुलूप मेरी लायन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी 1961 मध्ये उंदरांवरून ओळखलं. पांढरा रंग वेगळ्याच जनुकाचा, तो वरून सांडतो. म्हणून तिरंगी जवळपास सगळ्या माद्याच. क्वचित एखादा बोका एक्स-एक्स-वाय असा जन्माला येतो, तो तिरंगी असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत.

ठिपके नाण्याने ठरतात, याचा पुरावाही आहे. 2001 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासला एका तिरंगी मांजरीची हुबेहूब प्रत म्हणून जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, नाव सीसी. जनुकं तीच, पण तिच्या अंगावर भगवा केस एकही नव्हता.

आता तुझा तपास. मुलग्यांकडे बघूच नकोस, त्यांचा एक्स ठमीचा, बापाकडून फक्त वाय, त्यामुळे भगवा मुलगा झाला म्हणून भगव्या बोक्याचं नाव घेता येत नाही. मुली बघ. पूर्ण भगवी मुलगी, पांढरा सोडून, निघाली तर तिला भगवा एक्स दोन्हीकडून मिळाला, म्हणजे बाप भगवाच. काळा असलेली आणि भगव्याचा एकही ठिपका नसलेली मुलगी निघाली तर तिचा बाप भगवा नाही, गच्चीवरचा काळा असू शकतो. तिरंगी मुलगी काहीच सांगत नाही. आणि दोन्ही प्रकारच्या मुली एकाच वेतात निघाल्या तर बाप दोन, कारण एका रात्रीत सुटलेल्या चार बीजांडांना वेगवेगळ्या बोक्यांची बीजं मिळू शकतात, मांजरांत हे चालतं.

फक्त मुलगी कोणती हे आधी ओळखावं लागेल. शेपटी हलकेच उचल. दोन्ही खुणा जवळ जवळ आणि खालची उभ्या चिरेसारखी असेल तर मुलगी. लांब लांब आणि दोन्ही गोल ठिपके असतील तर मुलगा. पहिल्या आठवड्यात तू चुकशील, मीही चुकते, म्हणून तीन आठवड्यांनी परत बघ. आणि काय निघालं ते मला कळव.